इशारा उंबरठ्यापर्यंत : आपत्तीच्या पूर्वसूचनेची राष्ट्रीय यंत्रणा

दि. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर, पारादीपजवळ, एक महाचक्रीवादळ धडकले. ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाचे वारे, पाच ते सहा मीटर उंचीची सागरी लाट आणि पाठोपाठ आलेला मुसळधार पाऊस यांनी जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमासह किनाऱ्याची मोठी पट्टी उद्ध्वस्त केली. सरकारी नोंदीनुसार ९,८८५ माणसे प्राणास मुकली. त्याच राज्याच्या किनाऱ्यावर दि. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपाळपूरजवळ ‘फायलिन’ हे वादळ आदळले. त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात होता. या वेळी मृतांची संख्या पन्नाशीच्या आत राहिली. दि. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ आलेल्या ‘फनी’ वादळात राज्यातील ६४ जणांचा मृत्यू झाला.

१९९९ चे वादळ या दोहोंपेक्षा अधिक उग्र होते, हे खरे. तथापि दहा हजार आणि पन्नास यांमधील अंतर केवळ वाऱ्याच्या वेगाने उलगडत नाही. १९९९ मध्ये पूर्वसूचना दिलीच गेली नव्हती, असेही नाही. हवामान विभागाने वादळाची कल्पना आधी दिली होती. परंतु ती सूचना किनाऱ्यावरील शेवटच्या वस्तीपर्यंत नेणारी भक्कम व्यवस्था नव्हती. लोकांनी जावे अशी पक्की निवारागृहे मोजकीच होती. आणि घरदार, गुरेढोरे सोडून निघण्याइतका धोका खरोखरच आहे, हे अनेकांना पटलेले नव्हते.

बँकेच्या व्यवहारात धनादेश हाती पडला म्हणजे रक्कम मिळाली असे होत नाही. तो वटावा लागतो. आपत्तीच्या इशाऱ्याचेही तसेच आहे. उपग्रहाने टिपलेली आणि वेधशाळेने प्रसिद्ध केलेली सूचना घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचून माणसाने पाऊल उचलले, तरच ती वटली असे म्हणता येईल. आपल्या देशातील पूर्वसूचना यंत्रणेचा प्रवास या दृष्टीने समजून घेण्यासारखा आहे.

चार अंगे

पूर्वसूचना यंत्रणा म्हटले की सर्वसाधारणपणे रडार, उपग्रह आणि संगणक डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात ही यंत्रणेची केवळ एक बाजू होय. जगभर आता या यंत्रणेची चार अंगे मानली जातात. पहिले अंग म्हणजे धोक्याचे ज्ञान : कोणत्या गावाला कशापासून भय आहे, तेथे किती माणसे राहतात, त्यांतील वृद्ध, आजारी व अपंग किती. दुसरे अंग निरीक्षण व अंदाज. तिसरे सूचनेचा प्रसार. चौथे अंग म्हणजे सूचना मिळाल्यावर काय करायचे याची पूर्वतयारी. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या कार्यक्रमात २०२७ अखेरपर्यंत जगातील प्रत्येक माणसास अशा यंत्रणेचे संरक्षण मिळावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे.

या चारांपैकी एक अंग जरी लुळे पडले, तरी उरलेल्या तिघांवर केलेला खर्च व्यर्थ जातो. ओडिशाचा १९९९ चा अनुभव हेच सांगतो. त्या वेळी दुसरे अंग बऱ्यापैकी काम करीत होते; तिसरे आणि चौथे दुबळे होते.

बावट्यांचा काळ

भारतात इशाऱ्याची व्यवस्था आपत्तीतूनच जन्मास आली. दि. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कोलकात्यावर आलेल्या चक्रीवादळात सुमारे साठ हजार माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. दुसऱ्याच वर्षी कोलकाता बंदरासाठी वादळाचा इशारा देण्याची पद्धत सुरू झाली. पुढे १८७५ मध्ये भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली. या विभागाचे मुख्यालय कोलकात्याहून सिमला, तेथून १९२८ मध्ये पुणे आणि १९४४ मध्ये दिल्ली असे फिरत गेले. पुण्याच्या शिवाजीनगर भागातील वेधशाळेच्या इमारतीस जुने पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, ते या स्थलांतरामुळेच.

कोकणातील मच्छीमारांच्या तोंडी असलेला ‘तीन नंबरचा बावटा’ हादेखील याच परंपरेचा वारसा आहे. बंदरांवर दिवसा विशिष्ट आकारांच्या खुणा आणि रात्री दिवे लावून एक ते अकरा क्रमांकांचे संकेत दिले जात. क्रमांक वाढत जातो तसा धोका वाढत जातो. आठ, नऊ व दहा हे महासंकटाचे संकेत होत. अकराव्या संकेताचा अर्थ मात्र वेगळा आहे. वादळाची सूचना देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला असून स्थानिक अधिकाऱ्यास वाईट हवामानाची शंका आहे, असे तो सांगतो. संदेशवहन खंडित होणे हीच मोठी आपत्ती, हे दीड शतकापूर्वीच्या परंपरेतील त्या जाणकारांनी ओळखले होते.

वादळाचा माग

आज चक्रीवादळाचा जन्म भर समुद्रात झाला की त्यावर अहोरात्र नजर असते. ‘इन्सॅट’ मालिकेतील उपग्रह ढगांची चित्रे ठरावीक अंतराने पाठवतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला ‘इन्सॅट-३डीएस’ हा याच मालिकेतील होय. वादळ किनाऱ्यापासून काही शे किलोमीटरवर आले की डॉप्लर रडार कामास येते. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा स्वर चढतो आणि दूर जाणाऱ्या गाडीचा उतरतो. त्याच तत्त्वाने हे रडार पावसाच्या थेंबांवरून परतणाऱ्या लहरींतील बदल मोजून वाऱ्याचा वेग व दिशा सांगते. हवामान विभागाचे पहिले डॉप्लर रडार २००२ मध्ये चेन्नई येथे उभे राहिले. त्यानंतर किनाऱ्यांवर व हिमालयात त्यांचे जाळे वाढत गेले आहे.

नवी दिल्ली येथील हवामान विभागाचे केंद्र केवळ भारतालाच नव्हे, तर बंगालचा उपसागर व अरबी समुद्राभोवतीच्या देशांनाही चक्रीवादळाची माहिती पुरवते. वादळांना नावे देण्याची पद्धतही याच व्यवस्थेचा भाग आहे. २०२० मध्ये तयार झालेल्या यादीत १३ देशांनी सुचविलेली १६९ नावे आहेत. नावामुळे बातमी लक्षात राहते, अफवा व गोंधळ कमी होतो, आणि दोन वादळे एकाच वेळी असली तरी घोटाळा होत नाही.

किनाऱ्यावरील प्रशासनास इशारे टप्प्याटप्प्याने दिले जातात. सुमारे ७२ तास आधी पहिली चाहूल, ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी नारिंगी इशारा आणि अखेरच्या १२ तासांत लाल रंगासह, वादळ जमिनीवर आल्यानंतर काय घडेल याचे चित्र. वादळ कोठे धडकेल याच्या अंदाजातील चूकही घटत गेली आहे. २००० नंतरच्या पहिल्या दशकात २४ तास आधीच्या अंदाजात सरासरी सुमारे १४० किलोमीटरची तफावत असे. अलीकडच्या काळात ती ८० किलोमीटरच्या आत आली आहे. तफावत जितकी कमी, तितकी विनाकारण हलवाव्या लागणाऱ्या गावांची संख्या कमी. त्यामुळे इशाऱ्यावरील विश्वासही तितका वाढतो.

समुद्राखालून येणारे संकट

दि. २६ डिसेंबर २००४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्रतळाखाली प्रचंड भूकंप झाला. अंदमान-निकोबारला फारसा अवधी मिळाला नाही. परंतु तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्सुनामीच्या लाटा येईपर्यंत दोन तासांहून अधिक काळ गेला. या दोन तासांत किनाऱ्यावरील माणसे मैलभर आत चालत गेली असती, तरी वाचली असती. पण हिंदी महासागरात त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. भारतात दहा हजारांहून अधिक जणांचे प्राण गेले.

त्याच सकाळी पुदुच्चेरी परिसरातील नल्लवाडू या मच्छीमार गावात मात्र वेगळे घडले. गावातील एक तरुण नोकरीनिमित्त सिंगापूर येथे होता. तेथे त्सुनामीची बातमी कळताच त्याने घरी दूरध्वनी केला. गावात डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांच्या संशोधन संस्थेने चालविलेले माहिती केंद्र होते, आणि समुद्रातील हवामानाची माहिती रोज सांगण्यासाठी तेथे ध्वनिक्षेपक बसविलेला होता. गावकऱ्यांनी केंद्राचे दार फोडले व त्याच ध्वनिक्षेपकावरून सर्वांना गाव सोडण्यास सांगितले. घरे व होड्या गेल्या, परंतु साडेतीन हजारांवर वस्तीचे ते गाव वाचले. तेथे उपग्रह नव्हता, महासंगणकही नव्हता. एक विश्वासू निरोप, तो क्षणात सर्वांपर्यंत नेणारे साधन आणि त्या आवाजावर रोजच्या सवयीने विसंबणारी माणसे, एवढ्यावर काम झाले.

या धड्यानंतर हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात त्सुनामी पूर्वसूचना केंद्र उभारण्यात आले आणि ऑक्टोबर २००७ मध्ये ते कार्यान्वित झाले. समुद्रतळी भूकंप झाला की भूकंपमापकांच्या जाळ्याकडून माहिती येते आणि अवघ्या दहा मिनिटांच्या आसपास पहिला संदेश निघतो. प्रत्येक संभाव्य भूकंपासाठी लाट कोठे, किती वेळात व किती उंचीने पोहोचेल याची गणिते आधीच करून ठेवलेली असतात. मात्र प्रत्येक भूकंपामुळे त्सुनामी येत नाही. म्हणून खोल समुद्राच्या तळाशी ठेवलेली दाबमापक उपकरणे आणि किनाऱ्यावरील भरती-ओहोटी मापके यांच्याकडून लाट खरोखरच निर्माण झाली की नाही याची खातरजमा केली जाते.

पश्चिम किनाराही या धोक्यापासून सर्वथा मुक्त नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाच्या लाटा कच्छ व मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या. दुसरीकडे, ओडिशातील वेंकटरायपूर व नोलियासाही या दोन गावांना २०२० मध्ये युनेस्कोच्या महासागर आयोगाने ‘त्सुनामीसज्ज’ म्हणून मान्यता दिली. पळून जाण्याचे मार्ग, जमण्याची ठिकाणे आणि नियमित सराव या गोष्टी त्या गावांनी पूर्ण केल्या होत्या. म्हणजे हा सन्मान यंत्रांचा नसून गावकऱ्यांच्या सवयीचा होता.

पूर, पाऊस आणि वीज

वादळ दिवसांचा अवधी देते, त्सुनामी तासांचा. पुराचे गणित नदीगणिक वेगळे असते. केंद्रीय जल आयोगाने १९५८ मध्ये दिल्लीतील जुन्या रेल्वेपुलाजवळ यमुनेच्या पुराचा अंदाज देण्यास आरंभ केला. आज देशभरात तीनशेहून अधिक ठिकाणांसाठी असे अंदाज दिले जातात. वरच्या भागातील पाऊस, धरणातून सोडलेले पाणी आणि ते खाली पोहोचण्यास लागणारा वेळ यांवर हा अंदाज आधारलेला असतो. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ व ४३ फूट आहेत. कृष्णा-पंचगंगाकाठच्या कुटुंबांना हे आकडे तोंडपाठ असतात. कोणत्या फुटाला आपल्या गल्लीत पाणी शिरते, हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच फुटांतील अंदाजाचा उपयोग होतो. यंत्रणेचे पहिले अंग म्हणतात ते हेच.

शहरी पावसाची बाब अधिक बिकट आहे. दि. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच शहरात कुलाबा येथे सुमारे ७३ मिलिमीटर. एकाच महानगराच्या दोन टोकांत एवढी तफावत असेल, तर ‘मुंबईत जोरदार पाऊस’ एवढ्या अंदाजाने कोणाचेही भागत नाही. त्यानंतर शहरात पर्जन्यमापकांचे दाट जाळे व डॉप्लर रडार आले. जून २०२० मध्ये मुंबईसाठी पूर इशारा देणारी ‘आयफ्लोज’ ही प्रणालीही सुरू झाली.

विजेचा इशारा मिनिटांचा असतो. वीज पडून देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात. त्यांत शेतात राबणारे, गुरे चारणारे, झाडाखाली आसरा घेतलेले अधिक असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनीवरील उपयोजन आपल्या आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटर परिसरात वीज पडण्याची शक्यता असल्यास सावध करते. अशा वेळी झाडाखालून, विजेच्या खांबापासून व पाण्यातून बाहेर पडून पक्क्या घरात जाण्यास तेवढी मिनिटे पुरेशी ठरतात.

निरोप पोहोचतो कसा?

१९९९ च्या महावादळानंतर दोनच महिन्यांत ओडिशाने देशातील पहिले राज्य आपत्ती प्राधिकरण स्थापन केले. पुढील वीस वर्षांत किनाऱ्यावर आठशेहून अधिक बहुउद्देशीय निवारागृहे बांधली गेली. एरवी त्यांत शाळा भरतात. त्यामुळे त्या वास्तूंची देखभाल होते आणि संकटकाळी मुलांनाही वाट ठाऊक असते. २०१८ मध्ये सहा किनारी जिल्ह्यांत भोंग्यांचे १२२ मनोरे उभारण्यात आले. २०१९ मध्ये ‘फनी’ येण्यापूर्वी सुमारे २ कोटी ६० लाख लघुसंदेश, सुमारे ४३ हजार स्वयंसेवक, दूरचित्रवाणी, भोंगे आणि दारोदार फिरणारे पोलीस अशा सर्व मार्गांनी एकच निरोप गेला, आणि सुमारे बारा लाख माणसांना हलविण्यात आले.

राष्ट्रीय पातळीवर २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण अस्तित्वात आले. या प्राधिकरणाच्या ‘सचेत’ या प्रणालीत हवामान विभाग, जल आयोग, महासागर केंद्र इत्यादींचे इशारे एका ठिकाणी येतात आणि प्रादेशिक भाषांतून बाधित भागातील भ्रमणध्वनींवर पाठविले जातात. २०२३ मध्ये अनेकांचे भ्रमणध्वनी एकाएकी मोठ्याने वाजले व पडद्यावर चाचणीचा संदेश झळकला, तो मनोऱ्यावरून एकाच वेळी सर्वांना संदेश पाठविण्याच्या नव्या पद्धतीचा प्रयोग होता. या पद्धतीत कोणाचाही क्रमांक ठाऊक असण्याची गरज नसते. मनोऱ्याच्या टापूत जो कोणी असेल, मग तो स्थानिक असो वा प्रवासी, त्याला निरोप मिळतो.

परंतु मनोऱ्याच्या टापूबाहेर काय? नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस कन्याकुमारीजवळ ‘ओखी’ वादळाने झपाट्याने उग्र रूप धारण केले, तेव्हा केरळ व तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेलेले होते. किनाऱ्यावरील इशारा त्यांना ऐकू जाणे शक्य नव्हते. अनेक जण परतलेच नाहीत. काही नौकांनी वाऱ्याबरोबर उत्तरेकडे येत सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर आसरा घेतला. या दुःखद अनुभवानंतर २०१९ मध्ये उपग्रहामार्फत भर समुद्रात संदेश पोहोचविणारे ‘जेमिनी’ हे उपकरण मच्छीमारांसाठी आणण्यात आले. प्रत्येक आपत्ती यंत्रणेतील एक भोक दाखवून जाते. ते बुजविण्याची तत्परता असेल, तरच पुढची पिढी सुरक्षित राहते.

न आलेल्या संकटाचा खर्च

वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, असा विनोद आपल्याकडे पूर्वापार चालत आला आहे. विनोद म्हणून तो ठीक. तथापि इशाऱ्याच्या बाबतीत ही वृत्ती घातक ठरते. दि. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ पुन्हा ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. भारतीय केंद्राने निकोबार बेटांसाठी इशारा दिला आणि काही ठिकाणी लोकांना किनाऱ्यापासून दूर नेले गेले. या वेळी भूकवचाचे तुकडे एकमेकांना आडवे घासले गेल्याने मोठी लाट उठली नाही, आणि समुद्रातील उपकरणांनी खात्री दिल्यावर काही तासांत इशारा मागे घेण्यात आला. त्या दिवशी घर सोडलेल्यांना ‘उगाच धावपळ झाली’ असे वाटले असेल.

पण व्यवहारी दृष्टीने पाहिल्यास तसे म्हणता येत नाही. वर्षभर विम्याचा हप्ता भरला आणि अपघात झाला नाही, म्हणून हप्ता बुडाला असे कोणी म्हणत नाही. एक रात्र निवारागृहात काढणे, एक दिवसाची मजुरी वा मासेमारी बुडणे, हा जिवाच्या विम्याचा हप्ताच होय. मात्र हा हप्ता गरिबास जड जातो, हेही ध्यानात घ्यावे लागेल. गुरे कोण सांभाळणार, घरातील चीजवस्तू कोण राखणार, उद्याची चूल कशी पेटणार, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज माणूस घर सोडत नाही. ज्या ठिकाणी निवारागृहात अन्नाची सोय, स्त्रियांसाठी स्वतंत्र जागा आणि गुरांसाठी उंचवटा असतो, तेथे लोक आपण होऊन येतात.

यंत्रणेच्या मर्यादा

सर्वच संकटांची चाहूल अशी लागत नाही. भूकंपाचे भाकीत करणारे शास्त्र आजही उपलब्ध नाही. धक्का सुरू झाल्यावर दूरच्या ठिकाणी काही सेकंदांची सूचना देणेच फार तर शक्य आहे. दरड कोसळण्याचे संकट असेच अवघड आहे. दि. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव सकाळी डोंगराखाली गाडले गेले व १५१ जणांचा मृत्यू झाला. बरोबर दहा वर्षांनी, दि. ३० जुलै २०२४ रोजी, केरळमधील वायनाड जिल्ह्यात तशीच काळरात्र आली. कोणत्या प्रदेशात किती पावसाने दरडी सैल होतात, हे सांगता येते; कोणता उतार कोणत्या घटकेस सुटेल, हे सांगणे अद्याप दुष्कर आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जुलै २०२४ मध्ये कोलकाता येथे राष्ट्रीय दरड अंदाज केंद्र सुरू केले, ही त्या दिशेची सुरुवात होय. तोवर जमिनीला नव्याने पडलेल्या भेगा, वाकलेली झाडे, झऱ्याचे एकाएकी गढूळ झालेले पाणी या खुणा ओळखणारा गावकरी हाच त्या ठिकाणचा पहिला निरीक्षक असतो.

ग्राहकांनी काय करावे?

दि. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. आगाऊ सूचनेमुळे हजारो माणसे वेळीच सुरक्षित जागी गेली. परंतु नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि घरांची छपरे उडाली. इशारा जीव वाचवितो. बाग, छप्पर आणि दुकान तो वाचवू शकत नाही. तेथून पुढचे काम आर्थिक पूर्वतयारीचे असते. त्या दृष्टीने पुढील गोष्टी प्रत्येक कुटुंबाने पावसाळ्यापूर्वीच कराव्यात.

१. पासबुक, ठेवपावत्या, घराचे दस्तऐवज, विमापत्रे व ओळखपत्रे पाणी न शिरणाऱ्या एका पिशवीत, घरातील सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावीत. त्यांच्या प्रती ‘डिजिलॉकर’मध्येही जतन कराव्यात.

२. प्रत्येक खात्यावर व लॉकरवर नामनिर्देशन आहे ना, हे तपासावे. दि. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवखात्यांवर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. आपत्तीनंतर शोकाकुल कुटुंबास कागदपत्रांसाठी होणारी वणवण यामुळे पुष्कळ अंशी टळते.

३. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वार्षिक २० रुपयांत २ लाख रुपयांचे अपघाती संरक्षण मिळते, आणि नैसर्गिक आपत्तीत आलेला मृत्यू त्यात समाविष्ट आहे. योजनेचे वर्ष १ जूनला सुरू होते. म्हणून मेअखेरीस खात्यात हप्त्यापुरती शिल्लक असणे आवश्यक आहे.

४. गृहकर्जासोबत घेतलेला विमा बहुधा इमारतीचा असतो; घरातील सामानाचा विमा निराळा घ्यावा लागतो. नैसर्गिक आपत्तीत लॉकरमधील वस्तूंचे नुकसान झाल्यास, योग्य ती दक्षता घेतलेली असेल तर बँकेवर त्याची जबाबदारी येत नाही. मौल्यवान वस्तूंच्या विम्याचा विचार त्या दृष्टीने करावा.

५. पीक विमा घेतलेल्या शेतकऱ्यांनी आपल्या राज्यातील योजनेत स्थानिक आपत्तीचे संरक्षण आहे काय, हे आधीच विचारून घ्यावे. असल्यास नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते.

६. वादळानंतर वीज व संदेशवहन काही दिवस बंद पडू शकते. अशा वेळी एटीएम वा भ्रमणध्वनीवरून व्यवहार होत नाहीत. म्हणून चार-आठ दिवस पुरेल इतकी रोकड, सुट्या नोटांत, जवळ ठेवावी.

७. आपत्तीने उत्पन्न बुडाल्यास कर्जाचा हप्ता थकेपर्यंत थांबू नये. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार आपत्तीग्रस्त भागातील कर्जदारांना सवलत देण्याची तरतूद असते. शाखेशी त्वरित संपर्क साधावा. मदतनिधीच्या नावाने येणाऱ्या अनोळखी दुव्यांना मात्र आपली माहिती देऊ नये.

नोकरी-व्यवसायानिमित्त परराज्यांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट करावी. कोकणातून भुवनेश्वरला किंवा विदर्भातून चेन्नईला गेलेल्या माणसाला तेथील धोके ठाऊक नसतात आणि भोंग्यावरून होणारी घोषणा त्याच्या भाषेतील नसते. जवळचे निवारागृह कोठे आहे आणि लाल इशाऱ्याला तेथील लोक काय म्हणतात, हे शेजाऱ्यांना विचारून ठेवावे. तसेच गावाकडे राहिलेल्या वृद्ध आईवडिलांपर्यंत इशारा कोण पोहोचविणार, हेही ठरवून ठेवावे. सिंगापूरहून आलेल्या एका दूरध्वनीने एक गाव वाचू शकते, तर मुलाच्या एका दूरध्वनीने घर निश्चितच वाचू शकेल.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण आपल्या पूर्वजांनी अनुभवातूनच रचली आहे. उपग्रह, रडार आणि सागरतळीची उपकरणे आपापले काम आज चोख करीत आहेत. त्यांनी लिहिलेला धनादेश वटविण्याचे काम मात्र दर वेळी घरातल्या कोणा एकाने उठून, दार उघडून, शेजाऱ्याला हाक मारण्यावरच अवलंबून राहील.